कापलेले तीन गुण

मी चौतीस वर्षं अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवलं आणि माझी नात शाळेत जात नाही. हे वाक्य सरळ लिहायला मला दोन वर्षं लागली. त्याआधी कोणी विचारलं की मी बेधडक खोटं बोलायचे. "अकोल्याला चांगल्या शाळेत आहे," असं सांगून विषय बदलायचे. एकदा माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका बाईंना कुठूनसं खरं कळलं. भाजी घेता घेता त्या म्हणाल्या, "काय हो, दिव्याखाली अंधार?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी भाजी न घेताच घरी आले.

मुलगा अकोल्याला असतो. शेतांत सोलरचे पंप बसवतो. सून सकाळी एका दवाखान्यात रक्त तपासायला जाते आणि दुपारी परत येते. पोर पहिलीत होती तेव्हा रोज सकाळी बूट घालताना तिला ओकारी व्हायची. डॉक्टर झाले, औषधं झाली, नजरही काढून झाली. मग एके दिवशी मुलाचा फोन आला, "आई, तिला शाळेतून काढलं. घरीच शिकवणार आहोत. पुढं मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते." त्यानं मला विचारलं नव्हतं, फक्त कळवलं होतं. जन्मभर पोरांना शिकवलेल्या बाईला तिचा मुलगा पोरीच्या शिक्षणाबद्दल एक प्रश्न विचारत नाही, हे मला पोरीनं शाळा सोडल्यापेक्षा जास्त लागलं.

यंदा एप्रिलमध्ये मी पंधरा दिवसांसाठी अकोल्याला गेले. पोरीला भेटायला, असं तोंडानं म्हटलं. पिशवीत मात्र तीसपर्यंतचे पाढे होते, चौकटीच्या वह्या होत्या आणि लाल पेन होतं.

दुसऱ्याच दिवशी मी तिला कूलरसमोर बसवलं. "सतरा आठे?"

पोर छताकडे बघायला लागली.

"पटकन!"

"पटकन कावून, आजी? कोणी पयून चाललं काय?"

'का म्हणून, कोणी पळून चाललंय का' असल्या उत्तराला माझ्या वर्गात काय मिळायचं, ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. मी लाल पेन बंद केलं. ती बोटानं हवेत काहीतरी मांडत होती. मग म्हणाली, "वीस आठे एकशे साठ. त्यातून तीन आठे चोवीस काढले. एकशे छत्तीस." उत्तर बरोबर होतं. मला मात्र ते उशिरा आल्याचाच राग आला होता.

पुढचं एक चुकलं आणि माझा आवाज चढला. तो घरातला आवाज नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा, तो आवाज. अंगणात मुलगा पंपाचं काहीतरी खोलून बसला होता. त्याच्या हातातला पाना खाली पडला. तो दारात येऊन उभा राहिला, ताठ, दोन्ही हात मांड्यांना लावून. चाळिशीला आलेला माणूस! क्षणभर मीही घाबरले. मग त्यानंच हात सैल सोडले आणि पोरीला पाणी आणायला आत पाठवलं.

"आई, तिले वेळ लागते. लागू दे," तो म्हणाला. "तू इथं आजी म्हणून राहा. बाई म्हणून नको."

लहानपणी त्याच्या तोंडून 'तिले' निघालं असतं तर मी तिथंच थांबवून 'तिला' म्हणायला लावलं असतं. त्या दिवशी धीर झाला नाही.

मग बाई न होता राहायचं कसं, हे बघत मी ते पंधरा दिवस काढले. सोपं नव्हतं. पोरीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिच्या वयाच्या मैत्रिणी मोजून दोन. ही दोन दुखणी मी सुनेजवळ बोलून दाखवली. ती शांतपणे म्हणाली, "आई, हे आमालेही दिसते. पण तिची ओकारी थांबली ना!"

एका सकाळी बापलेकींबरोबर मीही तेल्हाऱ्याकडच्या एका शेतात गेले. तिच्याजवळ फुटाफुटावर गाठी मारलेला दोर होता, शेवटाला दगड बांधलेला. बापानं तिला घट्ट धरलं आणि तिनं तो विहिरीत सोडला. दगड पाण्याला लागल्यावर वर ओढत गाठी मोजल्या. मग बादलीतलं पाणी जिभेवर घेऊन थुंकली आणि वहीत लिहिलं: गावाचं नाव, पाणी किती फुटांवर, चव खारी. वहीत अशी चाळीस-पन्नास गावं होती. तिनं स्वतः काढलेल्या नकाशात खाऱ्या पाण्याची गावं तांबड्या खडूनं रंगवली होती आणि तो तांबडा पट्टा कुठं थांबतो ते मला बोट ठेवून दाखवलं. शेतकऱ्याला तिनं विचारलं, "काका, हे पाणी पिऊन तुमच्या गाईले काही होत नाही काय?" तो माणूस विहिरीच्या काठावर बसून तिला दहा मिनिटं सांगत राहिला. मी चौतीस वर्षं भूमितीतल्या विहिरी फळ्यावर खणल्या. त्यातल्या एकाही विहिरीचं पाणी कसं लागतं, असं मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

त्या पोरीला विचारायची भीती वाटत नाही. घरी शिकवण्याचे फायदे कोणी मला विचारले तर मी हा एकच सांगेन. बाकीचे असतील-नसतील. हा मी बघितला, आणि बघताना मला रडू आलं, कारण माझ्या घरात असाच एक प्रश्न विचारणारा पोरगा होता आणि त्याचं तोंड मी बंद केलं.

तो माझ्याच शाळेत होता. शाळेत मला 'बाई' म्हणायचा, घरी 'आई'. सातवीत माझ्याच वर्गात आला. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली, पेपर काढणार आई, तपासणार आई, मग पोरगा पहिला येणारच. मला ते सहन होईना. सहामाही परीक्षेचा त्याचा पेपर मी डोळ्यांत तेल घालून तपासला. तीन उदाहरणांत त्यानं उत्तर काढलं होतं, पण खाली 'म्हणून एकूण झाडे इतकी' असं वाक्य लिहिलं नव्हतं. एकेक करून मी तीन गुण कापले. तो चौऱ्याण्णववर आला. पहिल्या आलेल्या मुलाला पंच्याण्णव होते. त्यानंही दोन ठिकाणी ते वाक्य लिहिलं नव्हतं. त्याचे मी कापले नव्हते. आपल्या पोराला जास्त कडक नियम लावायला हवा, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर त्या खोलीत ताठ मानेनं चहा पिता यावा, एवढ्यासाठी मी ते केलं.

पोरांनी पेपर शेजारी शेजारी ठेवून बघितले. संध्याकाळी मी वरणाला फोडणी देत होते. तो मागं येऊन उभा राहिला. "बाई, त्याचे नाही कापले. माझे का कापले?" घरात त्यानं मला पहिल्यांदाच बाई म्हटलं होतं.

"शाळेतल्या गोष्टी शाळेत विचारायच्या," मी मागं न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात खरोखर वाट बघितली. त्यानं हात वर केला नाही. त्यानंतर त्यानं मला काहीच विचारलं नाही. मोजे कुठं आहेत हेसुद्धा वडिलांना विचारायचा. कॉलेज, नोकरी सोडणं, लग्न, सगळं मला कळवलं गेलं. बोलण्यात कधी कमी-जास्त नाही, दुखण्याखुपण्याला धावून येतो. सहा वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. तेव्हापासून अमरावतीच्या घरात तो कोणालाच काही विचारत नाही.

निघायच्या दिवशी दोघं मला अकोला स्टेशनवर सोडायला आले. गाडी अर्धा तास उशिरा होती. मुलगा पाण्याची बाटली आणायला गेला. पोर माझ्या पिशवीवर बसून पाय हलवत होती. एकदम म्हणाली, "आजी, बाबा सगळ्यायले काही ना काही विचारते. तुले कावून नाई विचारत?"

मी इकडंतिकडं बघितलं. मग तिला सगळं सांगितलं. तीन गुण, वरणाची फोडणी, सगळं. आजवर हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

"मंग तू त्याले सॉरी म्हटलं काय?"

"नाही."

"कावून?"

"जमलं नाही गं."

तिनं मान हलवली. ती मला चिडवत नव्हती. "वेळ लागते," ती म्हणाली. "लागू दे."

तो बाटली घेऊन आला. तेवढ्यात गाडी लांबून दिसली आणि माणसं उठून सामान उचलायला लागली. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज त्या गर्दीत जेमतेम त्याच्यापर्यंत पोचेल एवढाच निघाला.

"सातवीतले तुझे ते तीन गुण," मी म्हणाले, "मी कापायला नको होते. माझं चुकलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. वाकून पिशवी उचलली.

"चार होते, आई," तो म्हणाला आणि डब्याकडे चालायला लागला.

जागा खिडकीजवळची मिळाली. मूर्तिजापूर गेलं तरी मी हिशेब करत होते. तीन उदाहरणं, तीन वाक्यं, एकेक गुण. पेपर मला डोळ्यांसमोर दिसत होता, त्याचं बारीक अक्षरही दिसत होतं. चौथा गुण मी कशासाठी कापला, ते काही केल्या आठवेना. तो सांगू शकेल. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरल्यावर मी त्याला फोन लावला.

"पोचलीस?" त्यानं विचारलं.

"पोचले," मी म्हणाले. पुढचं विचारायला माझं तोंड उघडलं नाही.