कर्ण्यातून आलेलं पाणी

नळखात्यात चार दिवस काढलेला माणूस असेल तर त्याच्यापाशी किस्से साचतातच, टाकीच्या तळाला गाळ साचतो तसे. टाकी निदान वर्षातून एकदा धुतली जायची. हा गाळ कोण धुणार? म्हणून आज जरा ढवळतो.

एक आधीच सांगून ठेवतो. त्या काळात आमच्या चिंचवडात माझ्याएवढा वजनदार माणूस दुसरा नव्हता! मी तोंड उघडल्याशिवाय एकाही घरातला हंडा हलायचा नाही. मामलेदाराला कोणी विचारत नव्हतं, पण मला बायका भर रस्त्यात अडवून विचारायच्या. काय विचारायच्या, तर "मुडद्या, पाणी कधी येणार?"

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीकडं कारखाने नुकते कुठं उभे राहत होते, आणि गावात नळ नवा नवा आला होता. घरोघरी नव्हे, आळीच्या तोंडाशी एक. नदीकाठी तेलाचं इंजिन, टेकाडावर टाकी, आणि खात्यात आम्ही तिघं. ढवळे ओव्हरशियर म्हणजे साहेब. करीमभाई म्हणजे इंजिन ड्रायव्हर. आणि मी श्रीपती, तिसरी नापास, म्हणजे खात्याचं तोंड! पाणी येणार की नाही हे गिऱ्हाइकांना कळवणं माझ्याकडं. गळ्यात रॉकेलचा रिकामा डबा, हातात पत्र्याचा कर्णा. डबा बडवायचा आणि गावभर ओरडत फिरायचं. घरात खाणारी तोंडं सहा, कमावणारं एकच, आणि तेही ओरडून!

*

माझी पहिली दवंडी. साहेबांनी सांगितलं तशीच दिली. "ऐका हो ऐका! उद्या इंजिनाचं काम आहे, पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा होऽऽ!"

झालं! गावानं जे भरायला घेतलं! हंडे भरले, कळशा भरल्या, पराती भरल्या. शेजारच्या लेले मास्तरांनी देव्हाऱ्यातली पंचपात्रीसुद्धा भरली. आणि आमच्या आळीच्या गोदाक्का, म्हणजे नळावर रोज पहिला नंबर लावणारी बाई, तिनं चुलीवरची आमटी वाडग्यात ओतून ते पातेलं घासून नळाखाली आणलं.

संध्याकाळी टाकी कोरडी ठणठणीत! साहेब शिडीवरून आत वाकून बघतायत. "श्रीपती, अरे उद्याचं पाणी आजच कसं संपलं?"

"साहेब, तुम्हीच उद्या नाही म्हणालात."

पुढच्या वेळी साहेबांनी हुकूम काढला. "लोकांना सांगायचंच नाही!" मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी गोदाक्का आळीतल्या बायका घेऊन ऑफिसच्या ओट्यावर. प्रत्येकीच्या पुढ्यात रिकामा हंडा, आणि प्रत्येकीच्या हातात पळी. असा काही दणदणाट मांडला की साहेबांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि ओरडले, "सांग बाबा, यापुढं सांगत जा! पण हळू सांग!"

आता साहेबांचा हुकूम म्हणजे हुकूम. पुढच्या खेपेला मी कर्णा तोंडाला लावला आणि कुजबुजत फिरलो. "उद्या पाणी नाही हां... कोणाला सांगू नका..."

टाकी दुपारीच संपली!

*

लेले मास्तरांची एक खोड होती. माझी हाळी कानावर आली की नळाची वाट न बघता आधी अंगाला साबण फासून अंगणात उभे राहायचे, म्हणजे पाणी आलं की वेळ जायला नको. बायको हंडा घेऊन नळावर, मास्तर पंचा नेसून तुळशीपाशी.

एकदा ते असेच उभे. डोक्यापासून पायापर्यंत फेस, डोळे घट्ट मिटलेले. मी त्यांच्या गडग्यावर जाऊन बसलो.

"कोण, श्रीपती का रे? पाणी कुठपर्यंत आलं?"

"टाकीतून निघालं, मास्तर!"

"बरं, बरं."

थोड्या वेळानं म्हटलं, "चावडीपाशी आलं, मास्तर!"

"आता येईलच म्हणजे."

"मारुतीच्या देवळाला वळसा घातला!"

मास्तर खूश. हात पुढं करून उभे. मग मी बराच वेळ बोललोच नाही. साबण वाळायला लागला, मास्तरांचं अंग खाजायला लागलं.

"अरे, कुठं अडकलं मेलं?"

"तेलींच्या दारात थांबलंय, मास्तर. चहाला!"

मास्तरांनी डोळे मिटूनच वहाण फेकून मारली. नेम चुकला, पण ती लागली परतणाऱ्या मास्तरीणबाईंच्या हंड्याला. दिवसभरातला तो एकच हंडा, तोही सांडला!

*

आमचे साहेब एकदा करीमभाईंच्या इंजिनाला "भंगार" म्हणाले. त्या दिवसापासून दोघांत जो अबोला पडला तो सुटलाच नाही. साहेब ऑफिसात, करीमभाई नदीवर, आणि मधे निरोप्या मी. म्हणजे निरोपाला तिखटमीठ मोफत!

साहेब सांगायचे, "उद्या इंजिन चालवायचं म्हणावं." मी नदीवर जाऊन म्हणायचो, "करीमभाई, साहेब म्हणतात, भंगार असलं तरी चाललंच पाहिजे!"

"असं म्हणतो?" करीमभाई पाना उचलायचे आणि इंजिनाचं डोकंच खोलून ठेवायचे. "बोल तुझ्या साहेबाला, भंगार खोललंय!"

आणि साहेब म्हणाले, उद्या इंजिन दुरुस्तीला बंद, की मी सांगायचो, "करीमभाई, साहेब म्हणतात, तुमच्यानं ते काही चालणार नाही." मग काय! उन्हं यायच्या आत इंजिन धडधडत असायचं आणि नळाला धो धो पाणी! नदीवर जायच्या आधीच दवंडी मात्र मी साहेबांच्या हुकमाप्रमाणं देऊन टाकलेली असायची. ती परत कशी घेणार? दवंडी काय उसना हंडा आहे?

*

वर्षाची टाकी धुतली. औषध टाकलं. साहेब म्हणाले, "पहिला हंडा ओतून द्यायचा, त्यात औषध असतं. सांग लोकांना." मी सांगितलं.

नळावर गोदाक्का पहिल्या. हंडा भरला आणि मला विचारलं, "शिरप्या, पयला हंडा म्हंजी कुणाचा रं?"

मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "ज्याचा त्याचा, अक्का!"

गोदाक्कांनी हंडा गटारीत ओतला आणि नंबर सोडून रांगेच्या शेवटी गेल्या. त्यांच्या मागचीनं ओतला. तिच्या मागचीनं ओतला. सगळी आळी एकेक पहिला हंडा गटारीत ओतून पुन्हा मागं जाऊन उभी! गटार पवना नदीसारखी वाहतेय, म्हशी येऊन पाणी पितायत. गोदाक्कांची पाळी परत आली आणि नळ "फुस्स" करून गप्प झाला.

गोदाक्कांनी कोरडा हंडा कमरेला लावला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ध्यानात ठिवते, शिरप्या."

बाई ओरडली असती तर मी हसलो असतो. ती ओरडली नाही म्हणून त्या रात्री जेवण गेलं नाही!

*

शेवटी साहेब कंटाळले. कुठूनतरी हाताने फिरवायचा भोंगा घेऊन आले. "श्रीपती, पाणी आलं की हा वाजवायचा. आता ओरडणाऱ्याची गरज नाही."

 साहेबांना म्हटलं, "मग मी काय करू?" म्हणाले, "बघू." आमच्या खात्यात 'बघू' म्हणजे घरी जा.

भोंगा किती वाजता वाजवावा, हे मात्र त्यांनी मलाच विचारलं. मी अगदी इमानदारीनं म्हटलं, "जेवणं झाल्यावर, दुपारी. बायका मोकळ्या असतात."

वाजवला. आवाज थेट कारखान्याच्या भोंग्यासारखा! त्या वेळी घड्याळ कोणाच्या मनगटावर होतं? कारखान्यातल्या पोरांनी भोंगा ऐकला, हात पुसले, शिफ्ट संपली म्हणून डबे उचलले आणि सायकलीवर टांग टाकून निघाली! इकडं गावातल्या बायकांनी भोंगा ऐकला, कारखाना सुटला असं समजून चुलीवर तवा टाकला. नळ वाहतोय, पण नळावर काळं कुत्रं नाही!

पोरं घरी येऊन गरम भाकरी खातायत, तोवर कारखान्याचे मॅनेजर आमच्या ऑफिसात येऊन थडकले. टाय एका बाजूला, घाम दुसऱ्या बाजूला. "ढवळे, पाणी तुमचं आलं आणि कारखाना माझा बंद पडला!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कर्णा पुसत होतो.

*

बोंब पुण्यापर्यंत गेली. तिथले मोठे साहेब निकाल लावायला आले. हॅट, हाफपँट, हातात छडी. म्हणाले, "दुसऱ्या आवाजाचा भोंगा आणता येईल. किंवा हा माणूस ठेवता येईल. दोन्हींचा खर्च खात्याला नको. गिऱ्हाइकालाच विचारू. नळावर पहिला नंबर कोणाचा असतो?"

गोदाक्कांचा! 'ध्यानात ठिवते' म्हणणाऱ्या गोदाक्कांचा!

निकालाच्या आदल्या दिवशी मी गोदाक्कांचा हंडा स्वतःच्या खांद्यावरून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचवला. त्यांच्या म्हशीलासुद्धा "अक्का" म्हटलं. "अक्का, एक शब्द चांगला बोला. घरात सहा तोंडं आहेत हो." गोदाक्कांनी नुसती डोक्यावरची चुंबळ काढून झटकली.

सकाळी नळावर सगळा गाव. ढवळे साहेब एका बाजूला, करीमभाई दुसऱ्या बाजूला, दोघांची तोंडं दोन दिशांना. लेले मास्तर अंगाला साबण न लावता आलेले, म्हणजे प्रसंग किती मोठा ते बघा! मी कर्णा छातीशी धरून उभा.

मोठ्या साहेबांनी छडीनं माझ्याकडं दाखवलं. "बाई, खरं सांगा. हा माणूस पाण्याची जी दवंडी देतो, तिच्यावर तुम्ही भरवसा ठेवता का?"

गोदाक्कांनी हंडा खाली ठेवला. पदर खोचला. माझ्याकडं एकदा नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ठिवते की, सायेब! ह्यो 'उद्या येणार' म्हणला की मी धुणं घिऊन सरळ नदीवर जाते. आन 'न्हाई येणार' म्हणला की हंडा घिऊन नळावर बसते. नळ आल्यापासनं शिरप्या एकदाबी चुकला न्हाई!"