स्वस्त घरामागचे मोहाचे झाड

सर्व स्नेही मंडळींस सादर नमस्कार.

चंद्रपुरातील घरभाडे झेपेना, म्हणून परिचारिका असलेल्या माझ्या सुनेने आम्हा सर्वांस काल सिंदेवाहीजवळच्या एका गावी राहावयास आणले. घर मोठे असून भाडे निम्मेच आहे.

आज सकाळी शेजारच्या बाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊ, घर इतकं स्वस्त काऊन भेटलं, विचारलं नाई का? मालकाच्या बायकोले मागच्या मोहाखाली वाघानं धरलं. वाकून फुलं वेचून राह्यली होती."

सून डबा भरत होती. मी तिला जाब विचारला.

"मले माहीत आहे, बाबा. तिले दवाखान्यात आणलं तेव्हा माझीच ड्युटी होती. माझा हात धरूनच गेली ते."

"मग आम्हांस सांगितले का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही आले असते का?"

सून कामावर गेली.

मागे फुलांचा सडा पडला आहे. कोणीही वेचत नाही. मागील दार उघडे ठेवावे, तर नातवंडांची काळजी वाटते. बंद करावे, तर त्या गेलेल्या बाईस तिच्याच घराबाहेर ठेवल्यासारखे होते.

आपण काय केले असते?