कुयांची आई

डेल्फिना ग्वाराकाला आम्ही मंगळवारी पुरलं. पेटी खड्ड्यात उतरत असताना माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "गेली बिचारी कुयांची आई." दोघीतिघी ओठ मिटून हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. हे नाव तिला एकोणीस वर्षं चिकटलेलं होतं. ते माझ्यामुळे चिकटलं, आणि पुसणं माझ्या हातात असताना मी पुसलं नाही.

डेल्फिना आमच्या यानापांबा गावाच्या वरच्या अंगाला, जवाच्या शेतांपलीकडे राहायची. बुटकी, रुंद खांद्यांची. चालतानाही हातातली लोकर कातायची चाती फिरत असायची. शाळा दोन वर्षांची, पण हिशेबी डोकं असं की शेजारणी मेंढ्यांचे वाद तिच्याकडे सोडवायला नेत. नवरा लवकर गेला. मुलगी स्पेनला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, तेव्हा आपली चार महिन्यांची लेक यादिरा हिच्या पाठीवरच्या शालीत बांधून गेली. बाप्तिस्म्याला धर्ममाता मी झाले, म्हणून आम्ही एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायचो. आमच्याकडे धर्ममाता म्हणजे मुलाची अर्धी आई.

दर गुरुवारी आरोग्य केंद्राच्या अंगणात बाळांची वजनं व्हायची. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे. बाळांसाठी लोह घातलेल्या पिठाची पाकिटं मिळायची, तीही मीच वाटायचे.

यादिरा अकरा महिन्यांची असताना तिचं वजन सलग तिसऱ्या महिन्यात सहा किलो चारशेवर अडलं. पोट नगाऱ्यासारखं, पाय काटकुळे, आणि सारखी पातळ शी. घरोघरच्या उपायांप्रमाणे डेल्फिनाने तिचं पोट डुकराच्या चरबीने चोळलं होतं, पाठीची कातडीही ओढून झाली होती. नर्स तोआपांताबाईंनी कार्ड पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वाढलं नाही तर रिओबांबा शहरातल्या इस्पितळात ठेवावं लागेल."

डेल्फिनाचा चेहरा पांढरा पडला. पोर एकदा तिकडे गेली की मुलीला काय तोंड दाखवायचं, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तेव्हाच मी बोलले, आणि मोठ्याने बोलले.

"कोमाद्रे, महिन्याला दोन पाकिटं नेतेस. पोर वाळतेय आणि तुझ्या कुया मात्र गुबगुबीत. पीठ जातं तरी कुणाच्या पोटात?"

कुया म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी पाळलेले गिनीपिग. सणाला भाजायचे, म्हणून प्रत्येकीच्या घरी असतातच. अंगणात हशा पिकला.

डेल्फिना खाली बघत म्हणाली, "कुयांना जातं थोडं."

"ऐकलंत? कबूलच केलं," बाकावरून एकजण म्हणाली. "आधी कुयांची आई, मग यादिराची आजी."

मी वहीत लिहिलं: 'पीठ जनावरांना घालते.' त्याखाली रेघही मारली.

दोन दिवसांनी मी न सांगता तिच्या घरी गेले. तिला पकडायलाच गेले होते, दुसरं काही नाही. चुलीवर त्याच पिठाची लापशी शिजत होती, चांगली घट्ट. डेल्फिनाने ती पाणी घालून पातळ केली आणि पांढऱ्या फडक्यातून गाळली. दुधासारखं पाणी बाटलीत भरलं. बाटलीच्या रबरी बोंडाचं भोक कात्रीने मोठं केलेलं होतं. फडक्यात उरलेला गोळा तिने कुयांपुढे टाकला.

"हे काय करतेस?"

"सत्त्व काढते."

"आणि हा चोथा? सगळं तर ह्यातच गेलं."

"मलाही तसंच वाटायचं, कोमाद्रे. पण तुम्ही म्हणालात ना."

"मी?"

"महिला क्लबात, शिकवताना. फडकंसुद्धा तुम्हीच दिलेलं."

मी घरी आले आणि जुनी डायरी काढली. चौदा मार्चची नोंद माझ्याच अक्षरात होती: 'महिला क्लबात बाळाची लापशी गाळायला शिकवली, चर्चच्या नन्सनी शिकवल्याप्रमाणे, तीनदा फडक्यातून. घट्ट खाल्लं की बाळाचं पोट बांधतं, सत्त्व पाण्यात उतरतं, हे सांगितलं. डेल्फिनाने विचारलं, मग चोथ्यात काय राहतं? तिला शंका फार. सगळ्या हसल्या.'

नन्सनी ते आजाऱ्यांसाठी शिकवलं होतं. बाळांचं मीच जोडलं होतं.

सोमवारी मी नर्सबाईंना विचारलं, जणू दुसऱ्या कुणाबद्दल विचारतेय असं. त्या म्हणाल्या, "बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. ते पाण्याने भरलं तर जेवण ठेवायचं कुठे? लापशी अशी हवी की चमचा पालथा केला तरी पडू नये. वर अंडं कुस्करून घाला. आणि बाटली फेकून द्या. सकाळचं त्यात दुपारपर्यंत आंबतं, म्हणून तर शी पातळ."

मी तसंच डेल्फिनाला जाऊन सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फडकं धुऊन दोरीवर टाकलं. माझी चूक झाली, हे मी तिथेही म्हटलं नाही. 'नर्सबाईंचा नवा नियम आहे' म्हणाले.

महिन्याने यादिराचं वजन चारशे ग्रॅमने वाढलं. शी बांधून होऊ लागली होती, पोट बसलं होतं. तोआपांताबाई खूश होऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "डेल्फिना, काय केलंस ते सांग ह्यांना. आधी काय चुकत होतं?"

ती काट्याजवळ उभी, मी तिच्या शेजारी वही घेऊन. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"मीच खुळी," डेल्फिना म्हणाली. "कोमाद्रेंनी नीट सांगितलं होतं, माझ्याच डोक्यात उलटं शिरलं. घट्ट कुयांना आणि पाणी पोरीला."

अंगण पुन्हा हसलं. मी मान खाली घालून लिहिलं: सहा किलो आठशे.

पुढे कधीतरी मी तिला विचारलं, असं का केलंस. कणीस सोलता सोलता ती म्हणाली, "तुमचं ऐकतात त्या. तुम्ही पडलात तर उद्या घट्ट लापशीचंही ऐकणार नाहीत. माझं काय, मला हसायची सवय आहे त्यांना." ते ऐकून मला मनातून थोडं हायसंच वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

कारण माझ्या चौदा मार्चनंतर गावात आणखी किती फडकी दोरीवर वाळत होती, ते मी कधी मोजलं नाही. डेल्फिनाने मोजलं. ती घरोघर जायची, चुलीपाशी बसायची आणि लापशीचा चमचा पालथा करून दाखवायची. "कुयांची आई आली," म्हणून पोरं ओरडायची. ती म्हणायची, "आले. आणा तुमची लापशी, बघू कुयांची आहे का बाळाची."

पुरल्यानंतर यादिराने माझा हात धरला. आता ती वीस वर्षांची आहे, माझ्याहून वीतभर उंच.

"धर्ममाता, आजीला त्या नावाने का हाक मारायचे? तिला विचारलं की नुसती हसायची."

मी तिला सगळं सांगितलं, स्मशानाच्या भिंतीपाशी उभ्यानेच. तिने हात सोडला नाही.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "हसल्या त्या. त्यांना सांगा."

त्या बायकांच्या सुना आता गुरुवारी बाळं घेऊन येतात, सासवाही बाकावर बसलेल्या असतात. नव्या नर्सबाईंनी मला वजनाआधी दहा मिनिटं दिली आहेत. हे मी तिथे वाचणार आहे. यादिरा शेजारी उभी राहणार आहे. माझा आवाज बसला तर पुढचं ती वाचेल.