कायदा सैल झाला आणि आम्ही गोव्यात उतरलो

जहाजाच्या कॉरिडॉरमधला गालिचा पायाखाली पचपच वाजत होता. "पानी आपकी पार्टी के केबिन से आ रहा है," जहाजावरचा अधिकारी म्हणाला. मी केबिनकडं धावलो.

मी लातूरचा ट्रॅव्हल एजंट. तिरुपती, काशी, फार तर चारधाम. त्या वर्षी दुष्काळ असा, की लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं आणि मी लोकांना समुद्र विकत होतो. कारण कायदा सैल झाला होता. आमच्या धंद्यात त्याला कॅबोटाज म्हणतात. म्हणजे काय, तर परदेशी जहाजानं आपल्या एका बंदरात प्रवासी चढवून आपल्याच दुसऱ्या बंदरात उतरवायचे नाहीत. मुंबईत चढलात, मुंबईतच उतरा. ती बंदी आता उठली होती.

जळकोटचे डाळीचे व्यापारी मल्लप्पा, आमचे अप्पा, यांना हे चटकन कळलं. "परजिल्ह्याच्या काळीपिवळीनं आपल्या हद्दीत सीट घ्यायचं न्हाई, तसंच की!" हद्दीचं त्यांना सांगावंच लागत नाही. ते नवीन जिल्हा मागणी समितीचे अध्यक्ष. बुकिंगच्या वेळी जिल्हा विचारला, तर म्हणाले, "उदगीर. व्हायलाय, लिहून टाका."

त्यांची लेक कोचीला. नातीचं बारसं. बायकोला, म्हणजे आक्कांना, विमानाची भीती. मी छाती ठोकून सांगितलं, "थेट कोचीत उतरवतो," आणि स्वतःही सोबत निघालो.

तर केबिन उघडली. आक्कांनी मोरीच्या जाळीत लुगड्याचा बोळा कोंबला होता, नळ पूर्ण सोडला होता आणि जेवायला गेल्या होत्या. मोरीचा हौद होऊन तो उतू चालला होता.

"आक्का, अहो हे काय!" त्या जेवून परतताच मी ओरडलो.

"नळ आला होता की. पुन्हा कवा येईल, कुणाला ठावं?"

"इथं चोवीस तास पाणी असतं!"

"असं इलेक्शनला बी सांगतेत."

अधिकारी ऐकेना. सकाळी गोवा येईल, सामान घेऊन उतरा, म्हणाला. अप्पा उसळले, त्यांना आता जुनाच कायदा आठवला. "उतरवता येत न्हाई! मुंबईचं सीट गोव्यात उतरवायला बंदी हाय! कायदा हाय!"

"कायदा ढीला हो गया, अंकल."

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की समुद्रात उडी टाकावीशी वाटली. पर्यटन वाढावं म्हणून दिलेल्या सवलतीचा आमच्या भागानं घेतलेला हा पहिला लाभ.

"बारसं हुकतंय का हो?" आक्का रडायलाच लागल्या. "आलेलं पाणी बंद करायला हातच उठंना बघा." मला लई वाईट वाटलं. गोव्यात हातापाया पडून रेल्वेची तिकिटं मिळवली. बारशाला वेळेत पोचलो, जहाजाच्याही आधी.

वाटेत गाडीच्या नळाला पाणी नव्हतं. आक्कांनी तोटी दोनदा फिरवून खात्री केली आणि मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदा निवांत झोपल्या.

आता जहाजाचं बुकिंग आलं, की मी कायदा समजावत बसत नाही. नळ बंद करायला शिकवतो. सगळे माना डोलावतात आणि मग एखादी आक्का विचारतेच, "पन आलेला नळ बंद कशाला करायचा?"