मोकळ्या डब्याचा आवाज

मी रेल्वे फाटकाशी थांबले होते. समोरून कोळशाची रिकामी मालगाडी वीज केंद्राकडून परत चालली होती. या डब्यांना दारं पोटाखाली असतात. ती उघडली की सगळा कोळसा क्षणात खालच्या खड्ड्यात कोसळतो. निदान कोसळावा, अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात ओला कोळसा आत कोपऱ्यांना चिकटून बसतो. माझे बाबा नोकरीभर हातोड्याने असे डबे ठोकत आले. ठण्ण वाजला की डबा मोकळा, ढप्प वाजला की आत अजून कोळसा आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांचा खोकला हटेना. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं. एका जागी ढप्प वाजलं. डॉक्टर काही बोलायच्या आतच बाबा म्हणाले, "साहेब, आवाज कळतो मला. राहिलाय आत."

मला तेव्हा त्यांचा रागच आला. डॉक्टरांना तरी बोलू द्यायचं!

आज एकेक डबा ठणठणत समोरून गेला. बाबा होते तोवर तेल चोळायच्या निमित्ताने मीही कितीदा त्यांच्या पाठीवर हळूच ठोकून पाहिलं होतं. ती अशी कधीच वाजली नाही.