वाघजाईचं डावं फूल

तुडीलच्या नाक्यावर एक शिंपी हाय. बारा वर्षं तो एकाच देवाला मानणाऱ्या प्रार्थनावाल्यांत होता. त्यांच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय तो पोरीचं लग्नदेखील ठरवायचा नाय. काहीही विचारा, तोंडातली सुई काढून म्हणायचा, "विचारून सांगतो, आबा."

औंदा त्याची म्हातारी आई वारली. प्रमुख म्हणाला, ती वाघजाईला पुजायची, म्हणून नरकात गेली, तिच्यासाठी रडायचं नाय. त्याच दिवशी यानं प्रार्थना सोडली.

परवा तो वाघजाईला कौल लावायला आला. मी लांब उभा राहून बघत होतो. माझी बायको आजारी होती तेव्हा इथंच नकाराचं डावं फूल पडलं. ती गेली. मग मी देवळाची पायरी चढलोच नाय.

गुरवानं पाषाणाला दोन फुलं चिकटवली. शिंपी हात जोडून म्हणाला, "आई, मला परत पदरात घे."

डावं फूल पडलं.

गुरव चाचरला, "परत लावू काय रे?"

"आज नको. नाय म्हणाली, पण 'नरकात जा' असं तर नाय म्हणाली. पुढच्या मंगळवारी येतो."

असं बोलून त्यानं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि देवीचं अंगण झाडायला लागला. मी हबकून बघतच राहिलो. झाडत झाडत तो माझ्यापर्यंत आला.

"आबा, पाय काढा. नायतर पायरीवर बसा."

मी पायरीवर बसलो.