दौलताबादची कमान आणि आमचा सेंटर फॉरवर्ड

माझ्या लग्नाच्या दिवशी मी औरंगाबादेपासून दौलताबादेपर्यंत मुका होतो. लग्नानंतर पुरुष मुका होतो असं जाणकार सांगतात. मी तयारी जरा लवकर सुरू केली, एवढंच. पण त्यामागं लाज नव्हती, की (गोदाआत्या आख्ख्या बसला सांगत होती तसा) उपवासाचा थकवाही नव्हता. निव्वळ भीती होती. आणि तीसुद्धा नवरीची नव्हे, बसच्या ड्रायव्हरची!

त्यासाठी आधी रफिक सांगावा लागेल. रफिक म्हणजे आमच्या शहागंजच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. पोलीस ॲक्शन होऊन कैक वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, त्याचा हाली सिक्का चलनातून गेला, पण आमच्या टीमचं हरणं काही गेलं नाही. आणि त्याला कारण एकटा रफिक, याबद्दल शहागंजात हिंदू-मुसलमान, व्यापारी-गिऱ्हाईक, सासू-सून सगळ्यांचं एकमत होतं. गडी खेळायला वाईट असता तर कुणी चकार शब्द काढला नसता. पण तो अर्ध्या मैदानावरून बॉल घेऊन निघायचा, समोरच्या गड्यांना एकेक करून बसवत यायचा, गोलकीपरला आडवा पाडायचा, आणि समोर गोल सताड उघडा दिसला की थांबायचा! एक श्वास घ्यायचा. इकडंतिकडं बघायचा. मग जो मारायचा तो थेट खांबाला. खांब चुकलाच तर वरच्या आडव्या दांडीला. आमखासच्या मैदानावर गोलाचे बांबू दर वर्षी बदलावे लागत, ते काही ऊनपावसामुळं नव्हे.

मी दर रविवारी त्याच गोलाच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली, गर्दीत पार शेवटी उभा असायचो. आमच्या घराण्यात वडिलोपार्जित म्हणावी अशी एकच गोष्ट माझ्या वाट्याला आली होती, ती म्हणजे आवाज. रफिक गोलसमोर येऊन थांबला, मैदान चिडीचूप झालं, की मी केकाटायचो, "अरे रफ्याऽऽ! मार ना रे! मुहूर्त बघतो का?" लोक खो खो हसायचे. बॉल खांबाला लागायचा. मग मी कपाळावर हात मारून दुसरं ठरलेलं वाक्य टाकायचो, "अरेरे! समोर गोल होता, आन् बाहेर मारला!" यावर मला कुणी ना कुणी चहा पाजायचं. टीम हरत होती, पण माझं बरं चाललं होतं.

माझ्या लग्नाच्या आदल्याच रविवारी मोसमातला शेवटचा सामना झाला. मॅच संपता संपता आम्हाला पेनल्टी मिळाली. रफिकनं बॉल ठेवला, श्वास घेतला, मी ओरडलो, आणि बॉल खांबाला लागून परत त्याच्याच पायाशी आला. त्या रात्री शहागंजात बऱ्याच घरी चूल पेटली नाही.

आता लग्न. मुलगी कन्नडची, नाव सुमन. तिचे वडील निवृत्त हेडमास्तर. गुरुजींनी एकदा उशिरा आलेल्या शाळा तपासनिसालाच वर्गाबाहेर उभं केलं होतं अशी त्यांची ख्याती. साखरपुड्यात त्यांनी आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हसत हसत सांगितलं होतं, "मुहूर्त टळला तर मी मुलीला घरात परत नेईन. मग रडायचं नाही." हसत होते ते फक्त तोंडानं. डोळे मात्र घड्याळावर होते.

लग्नाच्या दिवशी पहाटे मुंडावळ्या सावरत मी बसमध्ये पाय ठेवला. शहागंजातल्याच एका मालकाची बस आम्ही ठरवली होती. त्याच्या नेहमीच्या ड्रायव्हरला ताप आला म्हणून त्यानं ट्रकवरचा माणूस पाठवला होता. बघतो तर स्टिअरिंगवर रफिक!

"सलाम, नवरदेव," तो म्हणाला. "बसा निवांत. टायमात पोचवतो."

मी काही बोलणार तेवढ्यात मागून अण्णांनी विचारलं, "काय रे रफिक, पेनल्टी कशी हुकली तुझी?"

"काय सांगू काकाजी," रफिकनं मान खाली घातली. "पाय तयार होता. पर गोल के पिच्छे एक आवाज हाय. मी थांबलो का तो आवाज येतो. आन् समदं हुकतं."

"कोन हाय तो?" गोदाआत्यानं विचारलं.

"शकल नाय बघितली कधी. गर्दीत दिसत नाय. पर आवाज अंधारातबी वळखीन. एक डाव मिळायला पायजे, बस!"

"मिळाला तर काय करशील?"

रफिकनं खाडकन गिअर टाकला. तो आवाज ऐकून उघडलेलं तोंड मी तसंच मिटून घेतलं.

नवरदेवाचा मान म्हणून मला जागा दिली होती ती ड्रायव्हरच्या बरोब्बर मागं. (तिथून त्याचा हात माझ्या गळ्यापर्यंत आरामात पोचला असता. मी अंदाज घेऊन पाहिला.) शेजारी गोदाआत्या. नवरदेवाकडून उखाणा पाठ करून घेण्याची जबाबदारी तिनं स्वतःहून अंगावर घेतली होती.

"म्हन रे वसंता. देवगिरीच्या किल्ल्याला दगडाची कमान, सुमनचं नाव घेतो, राखतो सर्वांचा मान. म्हन!"

मी मान हलवली.

"मान काय हलवतो? तोंडानं म्हन की!"

मी आणखी जोरात मान हलवली. मुंडावळ्या तोंडावर आपटल्या.

"अगं बया! पोराची दातखीळ बसली!" आत्या किंचाळली. आख्खं वऱ्हाड माझ्यावर धावून आलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी पाठीत बुक्के घातले, कुणी चप्पल हुंगवायला काढली. मी कांद्यानं रडलो, बुक्क्यांनी कळवळलो, चपलेच्या वासानं गरगरलो. पण हूं का चूं केलं नाही.

"कमाल आहे," अण्णा म्हणाले. "एरवी ह्याचा आवाज म्हंजे..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"आई गं! आंधळा झाला का रे?" अण्णा ओरडले, आणि सुदैवानं विषय आवाजावरून डोळ्यांवर गेला.

आता एका खुर्चीबद्दल. नवरदेवाच्या मिरवणुकीसाठी अण्णांनी शहागंजातून एक खुर्ची भाड्यानं आणली होती. उंच पाठीची, वर लाकडी मोर, मोराच्या वर आणखी लाकडी कळस. आडवी ठेवली तर मोराची मान मोडेल म्हणून त्यांनी ती बसच्या टपावर उभी बांधून घेतली होती. त्या थाटात, टपावर रिकामं सिंहासन आणि खाली मुका राजा अशी आमची बस दौलताबादेच्या किल्ल्यापाशी आली.

आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, कन्नडचा रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटाच्या दरवाजातून जातो. दगडी कमान, आणि एका वेळी एकच गाडी जेमतेम जाईल एवढी जागा. बस कमानीसमोर आली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या माणसानं जन्मात कधी चौकटीच्या आत काही घातलं नाही, तो आता आख्खं वऱ्हाड घालणार होता!

रफिक थांबला. त्यानं एक श्वास घेतला. इकडंतिकडं बघितलं.

बसमध्ये सगळं शहागंजच बसलं होतं. त्यांनी हे दृश्य दर रविवारी पाहिलेलं. बस चिडीचूप झाली. एकानं हळूच देवाचं नाव घेतलं. बस पुढं सरकायला लागली. सकाळचं ऊन मागून येत होतं, त्यामुळं आमची सावली समोर तटावर पडली होती, आणि त्या सावलीत मला दिसलं की लाकडी मोराचा कळस कमानीच्या चांगला चार बोटं वर आहे!

आता ओरडणं भाग होतं. ओरडलो नाही तर खुर्ची जाणार, टप जाणार, मुहूर्त जाणार, सुमन परत घरात जाणार. ओरडलो तर मी जाणार. मी देवाशपथ सांगतो, मला "थांब" असंच म्हणायचं होतं. पण रफिकसमोर चौकट आणि मागं मी, अशा वेळी माझ्या तोंडाला एकच वाक्य येत होतं. तेच बाहेर पडलं.

"अरे रफ्याऽऽ! मार ना रे! मुहूर्त बघतो का?"

सवय वाईट, त्यालाही आणि मलाही. रफिकचा पाय लटपटला, ब्रेकऐवजी भलतीकडंच पडला, बसनं उडी मारली, आणि वरून कडाड्कन आवाज आला. मोरासकट सिंहासन कमानीत पाचरीसारखं बसलं. बस पुढंही जाईना, मागंही जाईना.

रफिकनं इंजिन बंद केलं आणि सावकाश, फारच सावकाश, मागं वळून बघितलं.

"आवाज... तुमचा?"

मी मान हलवली. नाही, नाही, नाही.

"मग कुनाचा?" अण्णा छाती फुगवून उठले. "आख्ख्या शहागंजात असा आवाज दुसरा न्हाई! दर रविवारी ओरडतो माझा पोरगा!" (बापाला मुलाचा अभिमान वाटावा म्हणून मी आयुष्यभर धडपडलो. तो याच क्षणी वाटायचा होता.)

रफिक जागेवरून उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं हात उचलला. मी डोळे मिटले. आत्यानं मला सोडून स्वतःचं डोकं झाकून घेतलं. तो हात माझ्या खांद्यावर येऊन पडला, पण हलकाच.

"माझी अम्मी इचारायची," रफिक म्हणाला, "बेटा, हा कोन हाय, ज्याला तुझ्याकडून एवढी उम्मीद हाय? एवढी तर तुझ्या अब्बालाबी नव्हती. साहेब, तुमचा आवाज आला का मला वाटायचं, आता हुकलं तर या मानसाचं काय व्हईल? आन् पाय थरथरायचा."

मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी चहावर चहा प्यायलो, आणि हा बिचारा माझ्या काळजीनं खांबाला मारत होता! काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं.

"नक्को!" रफिक दोन पावलं मागं उडाला. "कुच्छ नक्को बोलू! अजून बस काढायची हाय!"

कुणीतरी खुर्चीचा कळस कापायचं सुचवलं. "खबरदार! भाड्याची हाय!" अण्णा गरजले. शेवटी रफिकनंच डोकं चालवलं. सगळ्यांना खाली उतरवलं आणि चारही बाजूंच्या टायरांतली हवा सोडायला लागला. बस हळूहळू खाली बसत गेली आणि कमानीतून मोराची सुटका झाली. मग तो स्टिअरिंगवर चढला आणि आत्याला म्हणाला, "आत्याबाई, नवरदेवाचं तोंड."

आत्यानं स्वतःच्या हातांनी माझ्या तोंडात रुमाल कोंबला.

समोर कमान. रफिकनं श्वास घेतला. इकडंतिकडं बघितलं. कुठूनही काही आवाज आला नाही. आणि बस कमानीच्या बरोब्बर मधून, दगडाला एक ओरखडाही न लावता, पलीकडं गेली! वऱ्हाड रस्त्यात नाचलं. वाजंत्र्यांनी सनई काढली. कित्येक वर्षांत शहागंजनं पहिल्यांदाच चौकटीच्या आत गेलेलं काहीतरी पाहिलं, आणि मला नुसतं 'शाब्बास' म्हणायची सोय नव्हती.

टायरांत परत हवा भरायची होती. रफिकनं हातपंप माझ्या पुढ्यात ठेवला. जरीचा फेटा, मुंडावळ्या, तोंडात रुमाल, अशा अवस्थेत मी पंप मारत राहिलो आणि येणारे-जाणारे बैलगाडीवाले गाडी थांबवून मला बघत राहिले.

कन्नडच्या वेशीपाशी गुरुजी हातात घड्याळ घेऊन उभे होते. मुहूर्त टळायला इतकं थोडं उरलं होतं की मला बसमधून उचलून थेट पाटावरच ठेवलं. हातावरची हळद टायरांनी काळी केलेली. गुरुजींनी विचारलं, "वाटेत काय झालं?" रुमाल अजून तोंडातच होता. मी मान हलवली.

"मुलगा मितभाषी आहे," गुरुजी समाधानानं म्हणाले.

अक्षता पडल्या. रुमाल निघाला. जेवणाची पंगत बसली, माझं आणि सुमनचं ताट मांडलं, आणि बायकांनी गलका केला, "नाव घ्या! नाव घ्या!" मी जिलबीचा घास उचलला. सगळा मांडव गप्प झाला. समोर सुमन मान खाली घालून वाट बघत होती. उखाणा दोन ओळींचा, पाठ झालेला. पण एवढी माणसं माझ्याकडं आशेनं बघताहेत म्हटल्यावर हातातला घास हातातच राहिला. मी थांबलो. एक श्वास घेतला. इकडंतिकडं बघितलं.

तेवढ्यात मांडवाच्या पार शेवटच्या खांबामागून आवाज आला, "अरे नवरदेऽऽव! मार ना रे! मुहूर्त बघतो का?"

मी दचकलो, डोळे मिटले आणि जोरात मारला,

"देवगिरीच्या किल्ल्याला दगडाची कमान,
रफिकचं नाव घेतो, राखतो सर्वांचा मान!"

गुरुजींनी घड्याळ खाली ठेवलं. सुमननं त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. आणि खांबामागं रफिक कपाळावर हात मारून कळवळला, "अरेरे! समोर गोल होता, आन् बाहेर मारला!"